बुलेटचा आवाज आणि मिस्त्रीचा कान



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि सरकार यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज आम्ही त्या खात्रीला थोडा धक्का देणार आहोत. आम्ही बोलणार आहोत बुलेट मोटारसायकलीवर. ती तुमच्या दारात उभी असेल. नसेल तर शेजाऱ्याच्या दारात उभी राहून तुमची झोप मोडत असेल. आमच्याजवळ पदवी नाही. दहावीला शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते आधी गॅरेजात आणि मग युनियनच्या कचेरीत. पहिल्या शाळेत आम्ही यंत्राचे ऐकायला शिकलो, दुसरीत माणसाचे. आज पहिल्या शाळेचे ऋण थोडे फेडावे म्हणतो.

बुलेट ही जन्माने इंग्रज. इंग्लंडातल्या रेडिच गावी रॉयल एनफील्डचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती; तिने ३५० सीसीची बुलेट पसंत केली. १९५५ साली मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन तिरुवोट्टियूरला कारखाना निघाला. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत आणि येथे जोडले जात. पुढे ते येथेच घडू लागले. गंमत पाहा, रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, पण त्याची मद्रासची लेक मात्र जगली. ते जुने बिडाचे इंजिन आपल्याकडे २०१० च्या सुमारापर्यंत निघत होते. आई गेली, लेकीने वंश चालवला!

लेक जगली ती कशावर? कारखान्यावर तर खरीच. पण तितकीच गावोगावच्या बसस्टँडाजवळ पत्र्याच्या शेडात बसणाऱ्या मिस्त्रीवर. सोनाळा, वरवट बकाल, शेगाव अशा वाटांवर ही गाडी चालली, ती त्याच्या पाना-पक्कडीच्या बळावर.

सोळाव्या वर्षी आम्ही अशाच एका वस्तादाच्या हाताखाली लागलो. पहिल्याच दिवशी आम्ही पाना उचलला, तर वस्ताद म्हणाले, "पोट्ट्या, पाना ठेव खाली. आधी आयक." आठ दिवस आम्हांला दुसरे काम नव्हते. इंजिन चालू करायचे आणि ऐकायचे.

आता ऐकायचे म्हणजे काय, ते सांगतो. बुलेटला एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब, चाक जड, म्हणून ती संथ बोलते. तिच्या बोलण्यात तीन आवाज वेगळे काढायचे. वरून टिकटिक आली तर टॅपेट सैल. या इंजिनात टॅपेट थंड असताना बसवायचा. दांडी बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. दुसरा आवाज ठिणगीचा. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी आणि ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. ती फार लवकर पडली तर किक उलटी मारते आणि घोटा सुजतो. उशिरा पडली तर इंजिन तापते आणि चढावर दम टाकते. तिसरा आवाज कार्ब्युरेटरचा. त्याची साक्ष प्लग देतो. प्लग काढून पाहावा. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, कॉफीच्या रंगाचा असेल तर तब्येत ठीक.

ट्यूनिंग म्हणतात ते एवढेच. गवई तंबोरा जुळवतो तसेच हे काम. गवयाला टाळ्या मिळतात, मिस्त्रीला "किती झाले?" एवढा प्रश्न मिळतो. असो.

आता आम्हांला आमचाच एक अपराध कबूल करायचा आहे. तरुणपणी युनियनचे काम नवे होते, अंगात जोर होता. मोर्चाच्या पुढे आमची बुलेट गरजावी म्हणून आम्ही तिच्या सायलेन्सरातली जाळी काढून टाकली. वस्तादांनी नको म्हटले, आम्ही ऐकले नाही. मोर्चा दणक्यात झाला. परतताना एका कामगाराच्या दारावरून गेलो. तो दोन पाळ्या करून नुकताच निजला होता. त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, आठ तासांच्या झोपेसाठीच भांडता ना तुम्ही? मग यायले झोपू द्या की." आम्ही जन्मात अनेक मालकांना उत्तरे दिली, त्या माउलीला देता आले नाही.

शिवाय यंत्राचेही नुकसान झाले. सायलेन्सर मोकळा केला की इंजिनात हवा-पेट्रोलाचे प्रमाण बिघडते. जेट न बदलता तशीच पळवली, तर पेट्रोल कमी पडते, प्लग पांढरा होतो आणि वाल्व जळू लागतो. आमचा वाल्व तीन महिन्यांत गेला. आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, हा निव्वळ भ्रम. हे राजकारणातही खरे आहे, पण तो आजचा विषय नव्हे.

१७५ सीसीवरील दुचाकीचा आवाज कारखान्यातून निघताना ८० डेसिबलच्या आत असावा असा नियम आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते, हे ध्यानात घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. जप्त सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. रोलरने सायलेन्सर चिरडतो; हौस चिरडत नाही. हौसेला चांगले काम द्यावे लागते.

तसे काम झालेलेही आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा सांगाडा आणि शेतीची अवजारे जोडली. तिला "बुलेट सांती" म्हणतात. आपल्याकडे निलंग्याला मकबूल शेख यांनी बुलेटच्या भागांपासून लहान ट्रॅक्टर केला. बैलजोडी परवडेना, मोठा ट्रॅक्टर पऱ्हाटीच्या ओळीत शिरेना, तेथे हे डोके चालले. बदल करायचाच तर असा करा, की ज्याने शेजाऱ्याची झोप न मोडता कोणाचे तरी ओझे उतरेल.

केवळ प्रेमाने यंत्र टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडात मेरिडन येथे ट्रायम्फचा कारखाना होता. १९७३ साली तो बंद करण्याचे ठरले, तेव्हा कामगारांनी फाटक अडवले. १९७५ मध्ये सरकारी कर्ज घेऊन त्यांनी तो सहकारी तत्त्वावर चालवला. आरंभी सर्वांना सारखे वेतन होते. आमच्यासारख्याचा ऊर भरून यावा अशी ही गोष्ट. पण नवी गाडी घडवायला भांडवल नव्हते, जुन्या नमुन्यावर किती दिवस निभणार? १९८३ साली ते संपले. पुढे नव्या मालकाने ते नाव उचलले, आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या काही गाड्या आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात घडू लागल्या. नाव फिरत फिरत आपल्या दारी आले; मेरिडनच्या कामगारांच्या हातचे कसब मात्र त्यांच्याबरोबर गेले.

आम्हांला चिंता आहे ती याचीच. आमचे वस्ताद हयात आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. तीस वर्षे बंद शेडात इंजिने चालवून त्यांचे कान गेले. ज्या कानावर आम्ही शिकलो तो कानच गेला! भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा नाही, भरपाई नाही. कारखान्यात हे घडते तर आम्ही फाटकावर बसलो असतो. शेडाला फाटक नाही, म्हणून मोर्चा कोणावर न्यायचा?

मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गाडी घेऊन गेलो. त्यांनी वायसर उचलला, त्याचे टोक इंजिनाला लावले, मूठ कपाळाच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. मग टॅपेटकडे बोट दाखवून म्हणाले, "यले कस." टॅपेट खरोखरच सैल होता.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. गॅरेजमालकांनी पोरांना कानांत घालायला बोळे द्यावेत आणि शेडाला खिडकी पाडावी. या भागातल्या मिस्त्रींनी एकत्र येऊन आपले मंडळ काढावे. अर्ज आम्ही लिहून देऊ. आणि बुलेटवाल्या तरुणांनी सायलेन्सरावर खर्चायचे पैसे एकदा मिस्त्रीच्या हाती ठेवून गाडी नीट जुळवून घ्यावी. जुळलेली बुलेट गरजत नाही, ती बोलते. आणि तिचे बोलणे ऐकायला गावाला जागे करावे लागत नाही.