डॉक्टरांनी कारखाना काढावा का?



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाचे पुस्तक शाळेनंतर हातात धरलेले नाही. तेव्हा वैद्यकीय उपकरणांवर बोलायला या माणसाला कुणी बसवले, असे तुमच्या मनात येईल. खरे सांगायचे तर मला या विषयात एका गुडघ्याने आणले. तो गुडघा माझ्या आईचा.

गोष्ट २०१४ सालची. अम्मीची सत्तरी उलटली होती. दोन्ही गुडघे झिजलेले. गंज पेठेतल्या आमच्या घराचा लाकडी जिना ती एकेका पायरीवर बसत उतरायची. नमाजही खुर्चीवर बसून पढायची. शेवटी आम्ही तिला एका सर्जनकडे नेले. त्यांनी टेबलावर कृत्रिम सांध्याचा नमुना ठेवला आणि म्हणाले, "आजी, दुखणं जाईल. रोज फिरायला जाल तुम्ही."

अम्मीने विचारले, "डॉक्टरसाहेब, सजद्याला वाकता येईल का?"

सजदा म्हणजे नमाजात गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावणे. डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, "खाली बसायचं मात्र टाळायचं हं, आजी."

तो नमुना मी हातात घेऊन पाहिला. माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर उतरलेला प्रत्येक जॉब ते मायक्रोमीटर लावून तपासत. त्यामुळे एवढे मला ठाऊक होते, की लोखंड आपल्या मनाने वाकत नाही. बनवणाऱ्याने ठरवले असेल तेवढेच वाकते. आणि हा सांधा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसून जेवणारा माणूस होता. आपण पंगतीला मांडी घालतो, उकिडवे बसून भाजी निवडतो, पूजेला पाटावर बसतो. अम्मीचा प्रश्न काही एकट्या नमाजाचा नव्हता.

पुढे मला कळले, की हा प्रश्न आपल्याच पुण्यात एका डॉक्टरांनी फार गंभीरपणे घेतला होता. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय माणसाच्या बसण्या-उठण्याचा विचार करून 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा घडवला. परदेशी सांध्यापेक्षा स्वस्त आणि जास्त वाकू शकेल असा. त्यासाठी पुण्याच्याच बायोरॅड मेडिसिस या कंपनीची साथ लागली. कारण गुडघा कसा हवा हे सर्जनला कळते. पण धातू ओतणे, घासून आरशासारखा करणे, लाखो वेळा वाकवून त्याची झीज मोजणे, निर्जंतुक करून पाकीटबंद करणे, परवाना काढणे, ही सारी कारखान्याची कामे. ऑपरेशन थिएटर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये कुणीतरी चालत जावे लागते.

हे चालणे आपल्या डॉक्टरांना अवघड का जाते? मला वाटते, त्याचे एक कारण भाषेत आहे. आमच्या मोहल्ल्यात 'तुमचा धंदा काय?' हा साधा प्रश्न आहे. पांढरपेशा मराठीत मात्र 'डॉक्टरने धंदा मांडलाय' ही शिवी होते. म्हणून चांगला डॉक्टर आपली युक्ती आपल्यापाशीच ठेवतो. कुणी नळी वेगळ्या प्रकारे कापतो, कुणी तार वाकवून हत्यार करतो. त्याच्या रुग्णांचे भले होते. पण तो निवृत्त झाला, की ती युक्तीही त्याच्याबरोबर घरी जाते.

युक्ती घराबाहेर काढण्याच्या दोन वाटा महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी दाखवल्या आहेत. पहिली धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याची. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या कमजोर भागावर जाळी बसवतात. कंपनीची जाळी गरिबाला परवडत नाही. त्यांनी आणि गुजरातमधले डॉ. ब्रह्मा रेड्डी यांनी मच्छरदाणीचे कापड नीट निर्जंतुक करून वापरून पाहिले आणि अनेक ठिकाणच्या रुग्णांचा अनुभव २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त मांडला. पुढे अशी जाळी आफ्रिकेत पोचली. युगांडात ३०२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला : वर्षभरानंतर महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. डॉक्टरांनी यावर कंपनी उभारली नाही. त्यांनी हे ज्ञान सगळ्यांसाठी मोकळे ठेवले.

दुसरी वाट कंपनी काढण्याची. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पारोळ गावात बाळंतपणात एक बाई दगावली. कारण होते रक्तक्षय, वेळेवर न कळलेला. डॉ. अभिषेक सेन आणि डॉ. योगेश पाटील या तरुण डॉक्टरांनी इंजिनिअर मित्रांना बरोबर घेऊन 'बायोसेन्स' ही कंपनी काढली. सुई न टोचता, बोटावर प्रकाश टाकून हिमोग्लोबिन मोजायचे, हे त्यांचे स्वप्न. यंत्र तीसहून अधिक वेळा फसले, असे त्यांचे सहकारी मिश्किन इंगवले यांनी २०१२ मध्ये जाहीर भाषणात सांगितले होते. पुढे 'ट्रूएचबी' हे यंत्र बाजारात आणले ते दुसऱ्या कंपनीने, आणि तेही बोटाला टोचून थेंबभर रक्तावर चालणारे. स्वप्न आणि बाजार यांत एवढे अंतर पडते. पण खेड्यातल्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावेल असे यंत्र तयार झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

मग सगळेच मोकळे का ठेवू नये? कारण मच्छरदाणी बाजारात आधीपासून होती. हिमोग्लोबिनचे असे यंत्र सहज मिळत नव्हते. जी वस्तू जगात नाही ती कुणीतरी बनवावी लागते, विकावी लागते, बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागते. अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टी यांचेच पाहा. रक्तवाहिनीतली गुठळी बाहेर ओढणारी फुग्याची नळी त्यांनी तरुणपणी बनवली. सर्जनच्या हातमोज्याचे बोट कापून, मासे धरायचा गळ बांधताना मारतात तशा गाठी मारून ती नळीच्या टोकाला बसवली. तरी सुरुवातीला ती बनवायला कुणी कंपनी तयार नव्हती. पुढे ती जगभर गेली, ती कारखान्यातूनच.

आता वाटेवर थोडा उजेड आहे. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून 'व्हेंचर सेंटर' नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला देते आहे. केंद्र सरकारच्या 'बायरॅक' संस्थेकडून नुसत्या कल्पनेवर काम करायला पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. आयआयटी मुंबईत 'बेटिक' हे केंद्र निघाले, तेव्हा पुण्याच्या सीओईपीला आणि नागपूरच्या व्हीएनआयटीला त्यात जोडून घेतले गेले. हेतू हा, की डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसावेत. सोबत नियमही आले. २०१७ च्या नियमांनी उपकरणांचे धोक्यानुसार चार वर्ग केले. त्याच वर्षी सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. ज्या सांध्याला दीड लाखाच्या आसपास मोजावे लागत, तो साधारण पंचावन्न हजारांवर आला.

तरीही एक काटा मनात राहतो, तो बोलून दाखवतो. साबण घेताना मी चार दुकाने फिरतो. गुडघा घेताना मात्र डॉक्टर सांगतील तो घेतो. निवड ते करतात, पैसे मी देतो. अशा वेळी निवडणाराच विकणारा असेल तर? माझे उत्तर साधे आहे. डॉक्टरने कारखाना जरूर काढावा. पण ही वस्तू माझ्या कंपनीची आहे, दुसऱ्याही आहेत, त्यांची किंमत ही, असे रुग्णाला तोंडावर सांगावे. आणि ती चांगली की वाईट, हे त्याच्या नफ्यात वाटा नसलेल्या माणसाने तपासावे. वडील म्हणत, आपला जॉब आपणच पास करायचा नसतो. म्हणून तर वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्टर वेगळा असतो.

अम्मीचे ऑपरेशन चांगले झाले. दुखणे गेले. ती जिना धरून का होईना, उभ्याने उतरू लागली, भाजीला जाऊ लागली. नमाज शेवटपर्यंत खुर्चीवरच पढली. तिची तक्रार नव्हती. मलाच रुखरुख लागून राहिली.

तिचा केसपेपर मी जपून ठेवला आहे. रक्तदाब, साखर, वजन, सगळे त्यावर आहे. तिने विचारलेला प्रश्न मात्र कुठेच नाही. हे भाषण ऐकणाऱ्यांत कुणी तरुण डॉक्टर असतील, तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : पेशंट असे काही विचारील तेव्हा ते लिहून ठेवा. कारखाना काढायचा की नाही, ते मागाहून ठरवता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)