समुद्राचा वाटा कोणाचा?



गोदावरीच्या काठावर बसून समुद्राविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट येते, ती काही आकाशातून पडत नाही. जे ती आणतात त्यांचा धंदा पुन्हा कसा उभा राहील, एवढाच आजचा विषय आहे. मी शिकलो तो कारखान्याच्या गेटवर. तेव्हा हा प्रश्न मी कष्टकऱ्याच्या बाजूनेच मांडणार.

पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटचे गाव. तेथील कोळ्यांनी सहकारी संस्था उभारल्या. डिझेल, बर्फ आणि विक्री यांची सोय स्वतः केली. यांत्रिक नौका आल्या, तशी मासळी वाढली. पण पुढे किनाऱ्यावर ट्रॉलर आले, पर्ससीन आली, जाळ्यांचे आस बारीक झाले. पापलेट हाताएवढे होण्याआधीच टोपलीत पडू लागले. जो मासा उद्या अंडी घालावयाचा, तोच आज विकला, तर परवा जाळ्यात काय येणार?

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी आहे. २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला, आणि किती लहान मासा धरू नये याचेही नियम झाले. पण समुद्रावर चौकी बसविता येत नाही. पोलिसांच्या धाकाने कधी संप टिकला आहे काय? संप टिकतो तो कामगाराने कामगाराला दिलेल्या शब्दावर. मासेमारीची बंदीही तशीच टिकेल. मात्र जो नियम पाळतो, त्याला नियम करण्यात आवाज आणि मिळकतीत वाटा हवा. वाटा नसलेल्या माणसाला संयम शिकविणे हा नुसता उपदेश आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण पाहा. तेथील आदिवासी जमातींना जुन्या तहांनी मासेमारीचा हक्क होता. तरी तो बजावताना त्यांची धरपकड होई. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी धरण्याजोग्या सॅमन माशाचा निम्मा वाटा त्यांचा ठरविला. १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बहुतांशी कायम केला. वाट्याबरोबर जबाबदारी आली. त्या जमाती आज राज्याच्या बरोबरीने मासेमारीचे नियम ठरवितात, स्वतःचे शास्त्रज्ञ नेमतात, पिल्ले वाढवून नद्यांत सोडतात. तरी नद्यांची खराबी झाल्यामुळे सॅमन अजून पुरता परतलेला नाही. हक्क मिळाला, पण पाणी बिघडले तर मासा कोठून यावा? वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले, तेव्हा किनाऱ्यावरचे कोळी हाच प्रश्न विचारीत होते.

आता आमच्याच चळवळीची चूक कबूल करतो. नौकेचा मालक तो मच्छीमार, असे आम्ही धरून चाललो. नौकेवर राबणाऱ्या खलाशाकडे पाहिलेच नाही. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी घर सोडून गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट हद्द ओलांडते, आणि कित्येकजण पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. घरच्या बाईला महिनोन् महिने खबर लागत नाही. कोळ्याची संस्था या खलाशाला सभासद करून घेत नाही, तोपर्यंत धंदा उभा राहिला असे मी मानणार नाही. अनुदानाने नौका येते. माणूस टिकतो तो वाट्याने.

मग नाशिककरांनी काय करावे? ताटात पिल्लाएवढे पापलेट आले, तर विक्रेत्याला विचारा, हे कोठून आणले? गिऱ्हाईकाच्या प्रश्नाचाही वचक असतो. तेवढे आपण केलेत, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.