चितोडची राणी पॅरिसच्या रंगमंचावर



हाटकेशच्या व्याख्यानमालेत फ्रेंच ऑपेराचं काय काम, असं कुणाला वाटलं असेल तर त्यांना आधी मुंबईचा धागा सांगतो. मार्च २००८ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात 'पद्मावती' हा जुना ऑपेरा नव्यानं उभा राहिला. तो बसवला संजय लीला भन्साळी यांनी. भुलेश्वरच्या चाळीत बालपण गेलेला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा दिग्दर्शक.

ऑपेराचा संगीतकार आल्बेर रूसेल. हा मूळचा फ्रेंच नौदलातला अधिकारी. नोकरी सोडून संगीताकडे वळला. १९०९ मध्ये लग्नानंतर पत्नीसह तो हिंदुस्थानात आला. आपलं वेरूळ त्यानं पाहिलं, आणि लेण्यांच्या सावलीतल्या देवांवर वाद्यवृंदासाठी एक रचना केली. चितोडचे भग्न वाडेही पाहिले. त्यातून 'पद्मावती' सुरू झाली. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, रूसेल आघाडीवर गेला. लुई लालुआच्या संहितेवरचा हा ऑपेरा अखेर १९२३ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आला.

यातली राणी नीट बघा. जायसीच्या काव्यात आणि भन्साळींच्याच २०१८ च्या चित्रपटात तिचा नवरा, राजा रतनसेन, शत्रूच्या हातून मरतो. ऑपेरात तसं होत नाही. पराभूत रतनसेन शंकराच्या देवळात येतो आणि नगर वाचवण्यासाठी पद्मावतीला सुलतान अल्लाउद्दीनकडे जायला सांगतो. ती नकार देते आणि स्वतःच्या हातानं नवऱ्याला भोसकते. मग त्याच्याबरोबर चितेवर जाते. अल्लाउद्दीन आत येतो तेव्हा हाती लागतो तो फक्त धूर. चितेचं उदात्तीकरण मला मान्य नाही. पण चितेआधीची ती सुरी मला फार मोठी वाटते. राणीचा सौदा करणारा पहिला पुरुष तिचा नवराच आहे, हे रूसेल-लालुआंनी शंभर वर्षांपूर्वी रंगमंचावर मांडलं.

भन्साळींनी तिथे काय केलं? ओमंग कुमार यांचं नेपथ्य, राजेश प्रताप सिंग यांची वेशभूषा, तनुश्री शंकर यांची नृत्यं, आणि रंगमंचावर चक्क जिवंत हत्ती. हा भपका झाला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. 'पद्मावती' हा ऑपेरा-बॅले आहे. पहिल्या अंकात अल्लाउद्दीनसमोर योद्ध्यांची, दासींची नृत्यं चालतात, आणि ती संगीतातच लिहिलेली आहेत. तिथे डोळे दिपलेच पाहिजेत. सुलतानाला दाखवलेल्या वैभवातच शेवटी राणीचीही गणती होते. पहिला अंक जितका झगमगीत, तितकं दुसऱ्या अंकातलं ते देऊळ अंगावर येतं.

आता आपल्याकडे या. ऑपेराच्या दिग्दर्शकाला स्वरांना सहसा हात लावता येत नाही. वाद्यवृंद, गायक, स्वरलिपी सगळं ठरलेलं. लॉरेन्स फॉस्टरसारखा संचालक समोर उभा. नवेपणा आणायचा तो डोळ्यांसाठी. आपण संगीत नाटकात नेमकं उलट करतो. किर्लोस्करांचं १८८२ चं 'सौभद्र' घ्या. शंभरावर पदं. पूर्वी प्रयोग रात्रभर रंगायचे, वन्समोअर मिळायचे. आज तीन तासांत बसवायचं म्हणून पदं गाळतो, आणि पडदे, शालू, भरजरी उपरणी मात्र तशीच ठेवतो. 'मानापमान', 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आणणाऱ्या राहुल देशपांड्यांसारख्या कलावंतांचं ऋण मोठं आहे. त्यांच्यामुळे तरुण प्रेक्षक नाट्यपदांकडे वळला. पण दिसण्याच्या बाजूनं आपण अजून भित्रे आहोत. रुक्मिणीच्या महालाचा तोच पडदा किती वर्षं बघायचा?

आणि हे मी कुठे बोलतोय? काशिमीऱ्याच्या शेजारी. इथे मालिकांसाठी वाडे, देवळं, दरबार उभारणारे सुतार, रंगारी, प्रकाशयोजनाकार आपल्याच इमारतींत राहतात. दहिसर चेकनाक्याजवळ लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे कुणीतरी 'सौभद्र' असं करावं की किर्लोस्करांचं एकही पद गळणार नाही, हवं तर दोन रात्रींत विभागावं. आणि नेपथ्य या मंडळींच्या हाती सोपवावं. लग्न आपल्याला न विचारता ठरवलं, म्हणून ओक्साबोक्शी रडणारी सुभद्रा आजच्या उजेडात कशी दिसेल, हे मला बघायचं आहे.