चमचा, दोर आणि दुसरा माणूस



ज्याचा शेवट नावातच सांगून टाकलेला आहे, असा एक चित्रपट आज आपण पाहणार आहोत. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांच्या १९५६ सालच्या या कृतीच्या नावाचा मराठी अर्थ होतो, ‘मृत्युदंड झालेला एक माणूस निसटला’. नायक सुटणार की नाही ही उत्कंठा तिकीट काढतानाच संपली! रहस्यपट काढणारा व्यवहारी निर्माता असे नाव ठेवू देणार नाही. ब्रेसाँ यांनी ते समजून-उमजून ठेवले. तो सुटला का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तो कसा सुटला आणि कोणाकोणाच्या हातांनी सुटला, हा त्यांचा विषय आहे.

कथा खरी आहे. आंद्रे देविन्यी हे फ्रेंच सैन्यातील तरुण अधिकारी. १९४० साली फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला, त्यानंतर ते भूमिगत प्रतिकार चळवळीत उतरले. एप्रिल १९४३ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडले आणि लिऑन शहरातील मोंल्युक तुरुंगात डांबले. ऑगस्टमध्ये त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. शिक्षेच्या अंमलबजावणीला जेमतेम काही दिवस उरले असताना, २४ ऑगस्टच्या रात्री ते तेथून निसटले. पुढे त्यांनी आपला वृत्तान्त लिहिला, आणि त्यावरून ब्रेसाँ यांनी हा चित्रपट रचला. खुद्द देविन्यी चित्रीकरणाच्या वेळी सल्लागार म्हणून उपस्थित होते. चित्रीकरणाचा काही भाग प्रत्यक्ष मोंल्युकच्या आवारात झाला.

मोंल्युक हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. फ्रान्समध्ये मात्र ते उच्चारले की आवाज खाली येतो. लिऑनमधील गेस्टापोचा प्रमुख क्लाउस बार्बी याच्या अमलाखालील हा तुरुंग. जून १९४३ मध्ये पकडले गेलेले प्रतिकार चळवळीचे नेते झाँ मुलँ येथेच होते. थोर इतिहासकार मार्क ब्लॉक यांना येथूनच नेऊन जून १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. एप्रिल १९४४ मध्ये ईझ्यू गावच्या आश्रयगृहातून उचललेली ४४ ज्यू मुले मृत्युछावणीकडे रवाना होण्यापूर्वी याच भिंतींआड ठेवली होती. चित्रपटाच्या प्रारंभी तुरुंगाच्या भिंतीवरचा एक फलक दिसतो. तेथे १०,००० माणसांनी यातना भोगल्या आणि त्यांतील ७,००० दगावली, असे त्यावर कोरलेले आहे. ब्रेसाँ त्या फलकावर काहीही भाष्य करीत नाहीत. कॅमेरा क्षणभर थांबतो आणि कथा सुरू होते.

पहिल्याच प्रसंगात या दिग्दर्शकाची रीत कळून येते. धावत्या मोटारीत मागच्या आसनावर फाँतेन बसला आहे. देविन्यींचे चित्रपटातील नाव फाँतेन. आपल्याला त्याचा हात दिसतो. तो हळूहळू दाराच्या मुठीकडे सरकतो, थबकतो, पुन्हा सरकतो. रस्त्यात अडथळा येताच तो उडी टाकून पळतो. दुसरा कोणताही दिग्दर्शक कॅमेरा घेऊन त्याच्यामागे धावला असता. ब्रेसाँ यांचा कॅमेरा रिकाम्या आसनापाशीच बसून राहतो. बाहेर आरडाओरडा, गोळ्यांचे आवाज. थोड्या वेळाने त्याला आणून पुन्हा त्याच जागी आदळले जाते. मारहाणीचेही तसेच. ती पडद्यावर घडत नाही. रक्ताने माखलेला सदरा तेवढा दिसतो.

यानंतरचा बराचसा चित्रपट एका कोठडीत घडतो आणि तेथे नाट्य म्हणावे असे काही नाही. आहे ते काम. कोठडीचे दार ओकच्या फळ्यांचे आहे, पण फळ्या जोडणारे सांधे मऊ लाकडाचे आहेत, हे फाँतेनच्या ध्यानात येते. जेवणाबरोबर आलेला एक लोखंडी चमचा तो परत करीत नाही. कोठडीच्या जमिनीवर तो घासून-घासून त्याची पटाशी करतो आणि दार कोरू लागतो. दिवसामागून दिवस जातात. लाकडाचा कीस वेचायचा, पहारेकऱ्याची चाहूल घ्यायची, उकललेली फळी पुन्हा जागच्या जागी बसवायची. ज्याने आयुष्यात कधी रंधा हाती धरला असेल, त्याला ही दृश्ये इतरांपेक्षा अधिक आवडतील. पुढे दोर वळण्याचे काम येते. खाटेच्या जाळीची तार, गादी-पांघरुणाच्या पट्ट्या, कपडे, सारे पिळून एकत्र गुंफायचे. कंदिलाच्या चौकटीतून आकडे तयार करायचे. हातांवर इतका वेळ स्थिरावलेला कॅमेरा चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

युद्धकैद्यांच्या पलायनावरचा ‘द ग्रेट एस्केप’ हा १९६३ सालचा अमेरिकन चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. तो रंजक आहे, त्यात गर्दी आहे, विनोद आहे, मोटारसायकलची प्रसिद्ध झेप आहे. ब्रेसाँ यांच्या चित्रपटात झेप नाही. त्यात आठवड्यांचे घासणे आहे, आणि प्रेक्षकाने ते कंटाळा न करता पाहावे अशी अपेक्षा आहे. आश्चर्य असे की कंटाळा येत नाही.

आता मघाच्या मुद्द्याकडे. वरवर पाहता ही एका जिद्दी माणसाची एकट्याची कथा वाटते. तशी ती नाही. फाँतेनला मिळालेली जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी हातून आलेली आहे. पहिल्या कोठडीत असताना आवारात फेऱ्या मारणाऱ्या तीन कैद्यांपैकी एक जण त्याचे पत्र बाहेर पोहोचवतो. हातकडी टाचणीने कशी उघडायची, हे भिंतीपलीकडचा एक न पाहिलेला शेजारी टकटक करून शिकवतो. तोंड धुण्याच्या जागी पाद्री आणि अन्य कैदी दोन शब्दांची, चिठ्ठ्यांची देवघेव करतात. शेजारच्या कोठडीतील वृद्ध ब्लांशे सुरुवातीला उत्तरही देत नाही. त्याने जगण्याची आशा सोडलेली आहे, आत्महत्येचाही प्रयत्न करून झाला आहे. खिडकीतून खिडकीशी बोलत-बोलत फाँतेन त्याला माणसांत आणतो. तोच ब्लांशे अखेरीस दोरासाठी आपले पांघरूण देऊन टाकतो. फ्रान्समधील ऑगस्ट असला, तरी तुरुंगातील म्हाताऱ्याने पांघरूण देणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि ऑर्सिनी. हा कैदी फाँतेनच्या आधी घाईने पळण्याचा प्रयत्न करतो आणि पकडला जातो. गोळ्या घातल्या जाण्यापूर्वी तो भिंती ओलांडायला आकडे लागतील आणि ते कशापासून करता येतील, हे फाँतेनला सांगून जातो. ऑर्सिनीला अपयश यावे लागले म्हणून तुला यश मिळेल, अशा आशयाचे ब्लांशेचे बोलणे नंतर येते. ते ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्या वाक्यात सांत्वन जितके आहे तितकाच हिशेबही आहे.

सर्वांत कठीण प्रसंग अगदी शेवटी येतो. सारी सिद्धता झाली आहे, मृत्युदंड सुनावला गेला आहे, आणि नेमका त्याच वेळी कोठडीचे दार उघडून जोस्त नावाच्या एका पोराला आत ढकलले जाते. वय जेमतेम सोळा. अंगावर अर्धा फ्रेंच, अर्धा जर्मन असा गणवेश. तो शत्रूच्या सैन्यात शिरलेला आहे. हा हेर म्हणून पाठवला आहे का? दार कोरलेले आहे, दोर दडवलेला आहे. आता ते लपणार नाही. फाँतेनपुढे दोनच मार्ग उरतात. याला बरोबर घ्यायचे, किंवा मारून टाकायचे. तिसरा नाही. आणि तो दोन्हींचा खरोखर विचार करतो. ब्रेसाँ यांनी येथे नायकाला उदात्त करण्याचा मोह टाळला. फाँतेन त्या मुलाला न्याहाळतो, त्याच्याशी बोलतो, मनातल्या मनात तोलतो. पडद्यामागून येणारा त्याचा आवाज हे सारे इतक्या थंडपणे सांगतो की ऐकणाराच अस्वस्थ होतो. अखेर तो विश्वास ठेवतो. का ठेवतो? चित्रपट स्पष्ट कारण देत नाही. पोराच्या चेहऱ्यावर काही दिसले असेल, किंवा कोणत्या तरी एका बाजूला पडावेच लागते म्हणून असेल.

मग ती रात्र येते. आगगाडीचा आवाज आला की हालचाल करायची, तो थांबला की थिजून राहायचे. वाटेतील पहारेकऱ्याला फाँतेन ठार करतो. तेही आपल्याला दिसत नाही, भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे घडते. पुढे एक भिंत अशी येते की दुसऱ्या माणसाच्या आधारावाचून ती चढणे अशक्य. एकटा असतो तर बहुधा येथेच अडकलो असतो, हे तो स्वतःच मान्य करतो. ज्याला काल मारून टाकावे असे मनात आले होते, त्याच्या खांद्यावर आता तो उभा आहे.

चित्रपटाला एक उपशीर्षकही आहे. ‘वारा त्याला वाटेल तिकडे वाहतो’ अशा अर्थाचे हे उपशीर्षक योहानाच्या शुभवर्तमानातून घेतले आहे. ब्रेसाँ कॅथलिक संस्कारांतले. त्यांच्या मनात आधी वेगळे नाव होते, ‘तू स्वतःला साहाय्य कर, परमेश्वर तुला साहाय्य करील’ या आशयाच्या फ्रेंच म्हणीवरचे. प्रयत्न आणि दैव यांचा हा वाद आपल्या परंपरेला मुळीच परका नाही. म्हण सोडून ते उपशीर्षक का निवडले असावे? म्हणीत सौदा आहे: तू इतके कर, मग तितके मिळेल. चित्रपटात तो सौदा पाळला जात नाही. ऑर्सिनीने प्रयत्न केला होताच की! फाँतेनपेक्षा तो कोणत्याही अर्थाने कमी शूर नव्हता.

दिग्दर्शकाविषयी थोडेसे. ब्रेसाँ स्वतः १९४० साली जर्मनांचे युद्धकैदी झाले होते. बंद दाराआडचा काळ त्यांना ठाऊक होता. व्यावसायिक नट त्यांना नको असत. फाँतेनची भूमिका करणारा फ्राँस्वा लतेरिए हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. चेहऱ्यावर भाव ‘आणायचे’ नाहीत, संवाद सपाट बोलायचे, हा त्यांचा दंडक. जर्मन अधिकाऱ्यांचे चेहरे फारसे दिसतच नाहीत. बूट ऐकू येतात, कठड्यावर घासत जाणारी किल्ली ऐकू येते, परकी भाषा ऐकू येते. शत्रूला राक्षस न करताही त्याची दहशत अशी पोचवता येते. १९५७ साली कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट मात्र खटकते. कैदी घाणीच्या बादल्या रिकाम्या करायला निघतात तेव्हा मोझार्टचे धर्मसंगीत वाजते. त्यामागील हेतू कळतो. पण जेथे बादल्यांचा खडखडाट पुरेसा बोलका आहे, तेथे सुरांनी हात धरून दाखवण्याची गरज होती का? पुढील काळात ब्रेसाँ यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले, हे येथे ध्यानात घ्यावे.

मोंल्युक २४ ऑगस्ट १९४४ रोजी मुक्त झाले. देविन्यींच्या पलायनाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण झाले. क्लाउस बार्बी दक्षिण अमेरिकेत दडून बसला होता. १९८३ साली त्याला फ्रान्समध्ये आणले तेव्हा काही दिवस मुद्दाम याच तुरुंगात ठेवले. १९८७ साली त्याला जन्मठेप झाली आणि १९९१ साली तो कैदेतच मेला. २०१० पासून तेथे राष्ट्रीय स्मारक आहे. देविन्यी आणि ब्रेसाँ दोघेही १९९९ सालीच गेले, एक फेब्रुवारीत, दुसरा डिसेंबरमध्ये.

आता दिवे मालवले जातील. एकच विनंती आहे. शेवटच्या भिंतीपाशी एक करकर ऐकू येईल. ती कशाची आहे हे चटकन कळत नाही, तेव्हा कान देऊन ऐका. दोघे भिंतीवर पडून आहेत, दोर टाकायचा आहे, आणि खालच्या वाटेवरून सायकलवर बसलेला पहारेकरी पुन्हा-पुन्हा फेरी घालतो आहे.