तपासणीच्या पडद्याआड
(पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘आरोग्य व पालक’ असा मोघम छापला आहे. खरा विषय छापला असता तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, असे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचे मत पडले. खरा विषय असा की, डॉक्टरने तपासणीच्या नावाखाली लैंगिक गैरवर्तन केले तर रुग्णाने कोणाकडे जावे. बहुसंख्य डॉक्टर सचोटीने काम करतात, हे सांगायला नको. परंतु ही गोष्ट आजची नाही. ज्याला आपले हकीम बुकरात म्हणत, त्या हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन शपथेतच, ज्या घरी उपचाराला जाईन तेथील स्त्री-पुरुषांशी, मग ते गुलाम का असेनात, देहसंबंध ठेवणार नाही, असे वचन आहे. धोका ठाऊक होता म्हणूनच ते वचन घ्यावे लागले.

आपल्यापैकी अनेकांना वाटेल, ‘आम्ही मुलीला एकटी पाठवतच नाही, सोबत तिची अम्मी असते.’ तर मग अमेरिकेतील एक प्रकरण ऐका. लॅरी नॅसर हा तेथील जिम्नॅस्टिक्स संघाचा व मिशिगनच्या एका विद्यापीठाचा नामांकित डॉक्टर होता. रेचल डेनहॉलंडर ही मुलगी २००० साली, पंधरा वर्षांची असताना, त्याच्याकडे पाठदुखीसाठी गेली. आई त्याच खोलीत बसलेली होती. डॉक्टर अशा बेताने उभा राही की आईला काही दिसू नये. मुलीला वाटले, एवढा मोठा डॉक्टर, आई समोर आहे, त्या अर्थी हा उपचारच असणार. २०१४ साली दुसऱ्या एका रुग्णाने विद्यापीठाकडे तक्रार केली, तेव्हा चौकशीत तो वैद्यकीय उपचारच ठरवला गेला. २०१६ साली रेचल नावानिशी पुढे आली. मग इतर पुढे आल्या. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक स्त्रियांनी व मुलींनी न्यायालयात आपली हकिकत मांडली आणि नॅसरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, उपचार कोठे संपला आणि गैरवर्तन कोठे सुरू झाले हेच रुग्णाला कळत नव्हते. ते कळायचे तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. कोणता अवयव तपासायचा व का, हे डॉक्टरने अगोदर सांगितले पाहिजे आणि आपली संमती घेतली पाहिजे. दुखणे घशाचे आणि कपडे काढायला सांगितले, तर ‘कशासाठी?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. आतील तपासणी हातमोजे न घालता होत नाही. अश्लील बोलणे, रात्री मोबाइलवर नको ते संदेश पाठवणे, कारण न सांगता सोबतच्या बाईला बाहेर काढणे, यांतले काहीही उपचारात मोडत नाही. ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क तपासणीच्या मध्यावरही आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्ण-हक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा त्या सनदेत रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि अशी स्त्री उपलब्ध ठेवणे हे रुग्णालयाचे कर्तव्य मानले आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशी सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर ती शोधा. आणि सोबत गेलेल्या बाईने पडद्याबाहेर नव्हे, पडद्याच्या आत, तिला दिसेल असे उभे राहावे.

तक्रार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे करता येते, पण तेथेच थांबण्याचे कारण नाही. एम.बी.बी.एस. व त्यावरील डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. रुग्णाशी अयोग्य वर्तन हा २००२ च्या आचारसंहितेनुसार शिस्तभंग आहे, आणि परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते. आपल्या मोहल्ल्यात यूनानी व होमिओपॅथीचे डॉक्टर पुष्कळ. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. ज्याची नोंदणीच नाही अशा भोंदूसाठी मात्र थेट पोलीस ठाणे.

गुन्ह्याची तक्रार पोलिसांकडेच करायची. परिषदेकडे अर्ज दिला म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही असे नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार घटना कोठेही घडली असो, कोणत्याही ठाण्यात नोंद करता येते, आणि अशा गुन्ह्यांत स्त्रीचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचे असते. बलात्कार वा विनयभंगाची तक्रार उशिरा आली म्हणून कायद्याने बाद होत नाही.

‘मुलीचे लग्न व्हायचे आहे, नाव बाहेर गेले तर?’ हा प्रश्न मला आयांकडून हमखास येतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. बलात्कारपीडितेची ओळख छापणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे; मुलांच्या बाबतीतही तीच मनाई आहे. मोहल्ल्यातील तोंडे कायदा बंद करू शकत नाही, हे खरे. पण गप्प राहिलात तर तोच डॉक्टर उद्या शेजारच्या मुलीला तपासणार आहे. आणि मुलगी अठराच्या आतील असेल तर गप्प राहण्याची मुभा कायदाच देत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला असे कृत्य कळले त्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे, न कळवणे शिक्षापात्र आहे. आम्ही शिक्षकही त्यात आलो. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

असे काही घडलेच तर त्याच दिवशी तारीख, वेळ, खोली, कोण हजर होते, काय बोलणे झाले, सारे जमेल त्या भाषेत लिहून काढा. व्याकरण मी तपासणार नाही! अंगावरचे कपडे धुऊ नका. पावती, चिठ्ठी, संदेश जपा. केसपेपरची मागणी केल्यापासून ७२ तासांत तो देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. बलात्कारपीडितेवर कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खाजगी, तत्काळ मोफत उपचार केलेच पाहिजेत. आणि ठाण्यात नोंद झाली की तिची प्रत विनामूल्य मिळते. ती हातात आल्याशिवाय तेथील बाकावरून उठू नका.