बिनतारी मोटार वळणावर

मुलांच्या खेळण्यांतली मोटार भिंतीवर आपटली, तर तिला उचलून पुन्हा सोडतात. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु जवळजवळ तेवढ्याच आकाराची दुसरी एक मोटार अशी आहे, कीं तिचें एक वळण चुकलें म्हणजे पोक्त वयाचीं माणसें रात्रीं दिव्याखालीं स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. श्रोतेहो, हातांतल्या यंत्रावरून बिनतारी लहरींनीं चालविली जाणारी आणि मातीच्या उंचसखल धावपट्टीवर शर्यत खेळणारी ही ‘बगी’. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, वजनानें सुमारें दीड किलोग्रॅम, विजेच्या घटावर चालणारी, आणि मागच्या दोन चाकांनीं पुढें रेटली जाणारी, असा तिचा जो प्रकार आहे, त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

या मोटारीचा इतिहास फार जुना नाहीं. १९७९ सालीं जपानांतील तामिया कंपनीनें ‘रफ रायडर’ नांवाची बगी काढली आणि हा छंद देशोदेशीं पसरूं लागला. १९८४ सालीं अमेरिकेंतील असोसिएटेड कंपनीची ‘आर-सी टेन’ आली. तिचा तळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा होता, आणि चारी चाकांपाशीं तेल भरलेल्या धक्काशोषक नळ्या होत्या. तेल पातळ कीं दाट, स्प्रिंग मऊ कीं ताठ, चाकाचा कल किती, हें सर्व मालकाला हवें तसें बदलतां येई. गाडी नुसती विकत घ्यावयाची वस्तु न राहतां, तंबोऱ्याप्रमाणें जुळवून घ्यावयाची वस्तु झाली; आणि गोंधळासही तेथूनच आरंभ झाला, असें म्हटलें तरी चालेल.

गोंधळाचें मूळ असें, कीं चालक गाडींत बसलेला नसतो. खऱ्या मोटारींत चाक घसरूं लागलें कीं तें बसल्या जागीं पाठीला कळतें, हाताला कळतें. बगीचा चालक दूर एका उंच मंचावर उभा असतो. त्याला काय तें डोळ्यांनींच कळणार. आणि डोळ्यांना कळेपर्यंत गाडी हातभर पुढें गेलेली असते. शिवाय गाडी त्याच्याकडे तोंड करून येऊं लागली, म्हणजे तिचें उजवें तें त्याचें डावें होतें! म्हणून अशा गाडीचा पहिला गुण वेग नव्हे. ती प्रत्येक फेरीस त्याच वळणावर तशीच वागली पाहिजे.

वळणावर तिच्या खोडी मुख्यतः दोन. एक, पुढचीं चाकें वळलेलीं असूनही गाडी सरळच घसरत जाते. दुसरी, नाक वळतें, पण शेपूट त्याहून अधिक वेगानें फिरून गाडी गिरकी घेते. पहिली खोड दिसतांच नवखा चालक चाकें आणखी वळवितो. पण जें चाक घसरतें आहे, तें अधिक वळविल्यानें अधिक धरीत नाहीं. उलट असलेली पकडही सोडतें. कित्येकदां दोष सुकाणूंत नसून बोटांत असतो. गति कमी केली कीं गाडीचा भार पुढें येतो व पुढचीं चाकें जमीन धरतात. गति वाढविली कीं भार मागें जातो व पुढचीं चाकें हलकीं होतात. वळणाच्या तोंडाशीं गति न सोडणाऱ्यानें पेटी उघडून स्प्रिंगा बदलल्या, तर त्यांचा काय अपराध?

बोट निर्दोष ठरलें, तरी हत्यारास हात घालण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. पहिली टायर. त्यांवरील रबराच्या बारीक खुंट्या झिजून बोथट झाल्या असतील, तर बाकीची सारी विद्या व्यर्थ आहे. दुसरी, सांधे. धक्काशोषक नळ्या सोडून पाहिल्यास चाकांचे दांडे आपल्याच भारानें खालीं पडले पाहिजेत. सुकाणूं फिरविणाऱ्या लहान यंत्राला सर्व्हो म्हणतात. त्याचे दांते तुटूं नयेत म्हणून मध्यें एक स्प्रिंगचा सांधा ठेवलेला असतो. तो फार ढिला झाला, तर चालकानें हात फिरविला तरी चाक अर्ध्यावरच थांबतें. अशी गाडी सुस्त वाटते, आणि बिचारा मालक तेलें बदलीत बसतो!

आतां खरी जुळणी. तिचा ढोबळ नियम असा, कीं गाडीचें जें टोक मऊ, तें अधिक धरतें. नाक सरळ घसरत असेल, तर पुढें किंचित् मऊ स्प्रिंग घालावी, अथवा मागची ताठ करावी. शेपूट फिरत असेल, तर याच्या उलट. नाकाचा दोष कित्येकदां शेपटीकडून सुधारतो, हें प्रथम कोणास पटत नाहीं. घट पुढें सरकविला, तरी नाकाची पकड वाढते आणि शेपटीची कमी होते. बैलगाडी भरणाऱ्यास यांत नवें कांहीं नाहीं. भार मागें गेला तर गाडी उलाळ होते, पुढें आला तर जूं बैलांच्या मानेवर दाबतें, हें तो शाळेंत न जातांही जाणतो. मागचीं चाकें पुढल्या बाजूस किंचित् आंत वळलेलीं ठेवतात. तीन अंशांचा हा कल सर्रास आढळतो. तो वाढविला कीं गाडी शांत होते, पण वळावयास आढेवेढे घेते. हातांतील यंत्रावरही चाकें किती वळावीं याची मर्यादा घालतां येते. ती थोडी कमी केल्यानें गिरकी थांबली, असा अनुभव पुष्कळांचा आहे.

पण एका वेळीं एकच बदल! पांच औषधें एकदम देणाऱ्या वैद्यास रोगी बरा झाला तरी गुण कोणत्या औषधाचा, हें सांगतां येत नाहीं. बदल करावा, तीन-चार फेऱ्या माराव्या, घड्याळ पाहावें, वहींत लिहावें, आणि उपयोग न झाल्यास तो बदल मागें घ्यावा. मागें घेण्याचेंच लोकांच्या जिवावर येतें.

घड्याळाचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. शर्यत पांच मिनिटांची आणि फेरी तीस सेकंदांची धरली, तर फेऱ्या दहा. अवखळ गाडीनें प्रत्येक फेरीस एक-पंचमांश सेकंद वांचविला, तर अखेर लाभ दोन सेकंदांचा. पण ती एकदां उलटली, कीं वळणावरच्या मार्शलनें धांवत येऊन तिला सरळ करीपर्यंत हे दोन सेकंद तर जातातच, वर आणखीही जातात. नवख्याची गाडी सर्वांत वेगवान असून तो शेवटीं येतो, याचें कोडें या हिशेबांत आहे.

आणि ज्यानें सकाळीं सर्व जुळविलें, त्यानेंही निर्धास्त राहूं नये. सकाळीं पाणी शिंपडलेली माती टायर घट्ट धरते. दुपारीं तीच वाळून वर धूळ येते. सकाळीं चपळ वाटलेली गाडी आतां गिरक्या घेऊं लागते, उन्हानें नळींतलें तेलही थोडें पातळ होतें. मग वही पुन्हा उघडावी लागते. अंतिम शर्यत जर संध्याकाळीं असेल, तर तोंवर कोणी तरी धावपट्टीवर पुन्हा पाणी शिंपडून गेलेला असतो.