आधी ठासणी, मग नेम

एखादी पिशवी आपण ठासून भरतो, एखादी गोष्ट ठासून सांगतो आणि कुणाची गर्जना पोकळ निघाली की तिला फुसका बार म्हणतो. बंदुकीशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्याही बोलण्यात ही ठासणी रुजली आहे. दारू नळीच्या तोंडातून ओतायची, तिच्यावर गोळी गजाने ठासायची आणि मग बार काढायचा, ती ठासणीची बंदूक. मागून काडतूस सरकवायच्या बंदुका आल्यावर ही जात खरं तर संपायला हवी होती, पण संपली नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या खेड्यात ठासणीचे नेमबाज दरवर्षी जमतात, आणि या बंदुकांच्या जागतिक स्पर्धाही भरतात. तिकडे पहिली ठासणीची रायफल घ्यायला निघालेला नवखा माणूस साहजिकच विचारतो, ही मारते किती लांब आणि किती अचूक? माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, ही भरायची कशी, हा आहे. आणि त्याचं उत्तर नीट जमलं की अचूकपणाचा बराचसा भाग आपोआप पदरात पडतो.

कारण साधं आहे. काडतुसात दारू किती, गोळी किती घट्ट, हे कारखान्याने आधीच ठरवलेलं असतं. ठासणीच्या रायफलीत तो कारखाना म्हणजे बंदूकवाला स्वतः, आणि तोही दर बाराला नव्याने. दारूचं माप थोडं चुकलं, गज एकदा जोरात आणि एकदा हलका दाबला, मागच्या बाराची काजळी एकदा पुसली आणि एकदा राहू दिली, तर डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी गोळ्या निशाणावर विखुरणारच. रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात. गोळीने त्या पकडल्या तरच ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पकडायच्या तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून आत ढकलणं जिकिरीचं. म्हणून पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांच्या लांब रायफलींत गोल गोळी वंगण लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासत. इंग्रजांच्या बेकर रायफलीसोबत तर सुरुवातीला गज ठोकायला लाकडी हातोडीही दिली होती. पेचाचे फायदे शतकानुशतकं ठाऊक असूनही सर्वसाधारण सैनिकाच्या हाती रायफल आली ती १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी मिनिए यांची गोळी आल्यावर. ती नळीपेक्षा किंचित लहान, म्हणून सहज आत जाई; बुडाशी पोकळ, म्हणून बार होताच फुगून खाचा पकडी. अडचण नेमाची नव्हतीच, भरण्याची होती.

याच अडचणीने आपल्या इतिहासालाही वळण दिलं. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची, खाचा तीन. तिचं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी असलेली कागदी नळकांडी. टोक दातांनी तोडायचं, दारू ओतायची, वंगण लावलेल्या कागदासकट गोळी आत घालायची आणि गजाने खाली न्यायची. ते वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचं आहे, या बातमीने १८५७ साली काय घडलं ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण वंगण लागतच का होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि वंगणाशिवाय पुढच्या गोळ्या खाली उतरत नाहीत, म्हणून. शिपायांना मेण आणि तेल वापरून स्वतःचं वंगण करायची मुभा मिळाली, पण तोवर विश्वास उडाला होता.

यावर आक्षेप येईल की ओतायचं, ठासायचं, यात शिकण्यासारखं काय आहे? चार वेळा केलं की हात बसतो. याचं उत्तर अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणाने दिलेलं आहे. १८६३ च्या त्या लढाईनंतर गोळा केलेल्या बंदुकांची जी मोजदाद प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे २७,५०० बंदुकांपैकी निदान २४,००० भरलेल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार ठासलेले, सुमारे ६,००० बंदुकांत तीन ते दहा, आणि एकीत तर तेवीस. हे कवायत केलेले सैनिक होते. गोंधळात आपला बार उडाला की नाही हेच त्यांना कळलं नसावं. निवांत मैदानावर तोफा गडगडत नाहीत हे खरं, पण शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता दारू घालायची विसरून नुसती गोळी ठासणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. म्हणून गजावर दोन खुणा करतात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. गज आत सोडला की बंदूक काय ते स्वतःच सांगते. दुसरी खूण गोळी दारूवर टेकल्याचीही ग्वाही देते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: जुनी बंदूक, जुनी दारू, तिची कसली भीती? इथेच घात होतो. अशा नळीत काळी दारू किंवा तिच्याऐवजी खास बनवलेली दारूच चालते. आधुनिक धूररहित दारू घातली तर दाब नळीला पेलत नाही आणि हातातच स्फोट होतो. माप किती, हे बंदूक बनवणाऱ्याच्या पुस्तकातून घ्यायचं, ऐकीव गप्पांतून नाही. दारू ती साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर पेट शिंगापर्यंत येतो. आधी वेगळ्या मापात, मग नळीत. केप, म्हणजे घोड्याच्या फटक्याने दारू पेटवणारी टोपी, सर्वांत शेवटी, नळीचं तोंड निशाणाकडे असताना. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर निदान मिनिटभर बंदूक तशीच निशाणावर धरून थांबायचं. कधी कधी बार उशिरा उडतो.

मग पहिली रायफल कोणती? माझा कौल बाजूला घोडा असलेल्या केपाच्या बंदुकीला. गारगोटीची बंदूक देखणी खरी, पण तिच्यात बाहेरची रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) आणि गारगोटीची धार हे आणखी दोन विषय अभ्यासाला लागतात. उलट, अगदी आधुनिक धाटणीच्या बंदुकीत दारूच्या तयार वड्या टाकल्या की झालं, असं म्हणणारे आहेत. शिकारीपुरतं त्यांचं खरंही असेल. पण मापाचा विचारच दुसऱ्यावर सोपवला तर हौस कसली भागवायची?

आपल्याकडे ही बंदूक हौसेची कमी आणि शेताची जास्त. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. परवाना मात्र लागतोच, आणि त्या परवान्याने रानातलं जनावर मारायचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे.

शेवटी एक काम उरतं, नळी धुण्याचं. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद खाते. बार संपले की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत पुसायची आणि तेलाचा हात फिरवायचा. वापरलेल्या चकत्या मैदानावर काही पावलांवर पडलेल्या सापडतात. त्याही गोळा करून पाहाव्यात. चकती फाटलेली किंवा जळकी निघाली, तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे की नळीच्या तोंडाशी धार राहिली आहे, हे पुढच्या खेपेआधी तपासता येतं.